नव्या फोटोग्राफरांना तेरखेड्याहून एक खुले पत्र

प्रति,
धाराशिव जिल्ह्यात नव्याने कॅमेरा हाती घेतलेल्या सर्व मुला-मुलींस,



तुळशीची लग्नं लागली की आपल्याकडे तिथी धरायची धावपळ सुरू होते आणि त्याच सुमारास गावोगावी नवे फलकही लागतात. कुणाच्या नावापुढे ‘फोटोग्राफी’, कुणाच्या ‘फिल्म्स’, कुणाच्या ‘क्रिएशन्स’. शेतीवर भागत नाही, नोकरी मिळत नाही, अशा वेळी तुम्ही स्वतःच्या हिमतीवर काही उभं करता याचा मला मनापासून अभिमान आहे. मीही याच धंद्यातला आणि याच भागातला. म्हणूनच जे खटकतं ते तुमच्या माघारी चार लोकांत बोलण्यापेक्षा तुमच्याशीच उघड बोलावं असं ठरवलं. काही तक्रारी आहेत, काही विनंत्या आहेत, आणि प्रत्येकीबरोबर कामाला उपयोगी पडेल असं काही ना काही सांगणार आहे.

सगळ्यात मोठी तक्रार आधी सांगतो, कारण बाकीच्या तिच्यातूनच निघतात. आपल्या भागातल्या कुठल्याही फोटो स्टुडिओत आठवडाभर बसून बघा. घरातलं माणूस गेलं की दहाव्याच्या आत कुणीतरी येतं. हातात आधार कार्ड असतं. “एवढाच फोटो आहे, मोठा करून हार घालण्यासारखा करून द्या,” असं सांगतात. त्या नखाएवढ्या, धुरकट चौकोनातून आपण चेहरा ओढून काढतो, मागे निळं आभाळ लावतो, आणि घरचे तो भिंतीवर टांगतात. याच घरातल्या लग्नाचे दोन-तीन हजार फोटो एखाद्या पेन ड्राइव्हमध्ये पडलेले असतात. त्यात ड्रोनचे असतात, धुराच्या नळकांड्यांचे असतात, नवरा-नवरी पळत येतानाचे असतात. मांडवात खुर्चीवर दिवसभर बसलेल्या आजोबांचा मात्र एकही धड फोटो नसतो.

चेहरे कायमचे हरवणं म्हणजे काय, ते आपण एकदा पाहिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर पट्ट्यात भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. हजारो माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली आणि त्याच भिंतींवरच्या तसबिरीही ढिगाऱ्यात गेल्या. आपल्या जिल्ह्याला हे दुसऱ्या कुणी सांगायला नको. तेव्हा खेड्यात कॅमेरा क्वचित दिसायचा. आज तो प्रत्येक खिशात आहे, तरी गेलेल्या माणसाचा चेहरा आधार कार्डावरून काढावा लागतो. हे आपल्या धंद्याचं अपयश आहे असं मी मानतो. खेड्यातला फोटोग्राफर हा आधी लोकांच्या आठवणींची जबाबदारी घेतलेला माणूस असतो. त्याला पैसे त्या जबाबदारीचे मिळतात. हे एवढं पटलं तर पुढचं सगळं आपोआप पटेल.

पहिली तक्रार हप्त्याची. भेटेल तो मुलगा आधी विचारतो, “कुठला कॅमेरा घेऊ?” उजेड कसा ओळखायचा, हे विचारणारा क्वचित भेटतो. दीड-दोन लाखांचं सामान हप्त्यावर घेतलं जातं आणि पहिल्याच पावसाळ्यात घरात भांडणं सुरू होतात. हिशोब साधा आहे. हप्ता बारा महिने भरावा लागतो. मुहूर्त मात्र कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंतच. चातुर्मासात हात रिकामे राहतात. त्यातही खेड्यातलं गिऱ्हाईक बरेचदा सोयाबीन विकल्यावर पैसे देतं, आणि भाव पडले की आपले पैसे मागे पडतात. म्हणून कर्ज घ्यायचंच असेल तर ते छोटं घ्या. मुद्रा योजनेच्या शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळतं, सुरुवातीला तेवढं पुरतं.

त्यात काय येतं? चांगल्या स्थितीतला वापरलेला कॅमेरा, ५० मिमीची एफ/१.८ लेन्स, एक फ्लॅश, दोन बॅटऱ्या, दोन मेमरी कार्डं. जुना कॅमेरा घेताना शटर किती वेळा पडलंय ते विचारा आणि तपासा. लेन्समधून टॉर्चचा उजेड आरपार सोडून आत बुरशीचे धागे दिसतात का बघा. एफ/१६ वर मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढा. सेन्सरवर डाग असतील तर त्यात उमटतील. झूम लेन्स लागली तर त्या दिवसापुरती भाड्याने आणा. आणि हे सगळं घेण्याच्या आधी एक अख्खी लग्नसराई कुणा जाणत्या फोटोग्राफरच्या हाताखाली लाइट धरा. मांडवात कुठल्या क्षणी कुठे उभं राहायचं, हे कुठल्याही व्हिडिओत शिकवत नाहीत.

दुसरी तक्रार उजेडाकडे दुर्लक्ष करण्याची. आपल्याकडे लग्न लागतं भर दुपारी, लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवाखाली. वरून ऊन झिरपतं आणि सगळ्यांचे चेहरे कापडाच्या रंगाचे होतात. तुम्ही फ्लॅश वरच्या कापडावर मारता, तोही तोच रंग घेऊन खाली येतो. मग घरी जाऊन संगणकावर रंग ओढत बसता आणि नवरी कधी केशरी दिसते, कधी जांभळी. यावर उपाय सोपा आहे. लग्न लागायच्या आधी मांडवातच राखाडी कार्डावर व्हाइट बॅलन्स ठरवून घ्या. कार्ड नसेल तर कोऱ्या पांढऱ्या कागदावर घ्या. फोटो रॉ मध्ये काढा. फ्लॅश वर मारू नका. बाजूला पांढरी थर्मोकोलची पाटी किंवा छत्री धरायला एक मुलगा उभा करा आणि त्यावरून उजेड वळवा. रात्रीच्या मांडवात एलईडी दिवे असतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण शटर जास्त वेगात ठेवलं की फोटोत काळे पट्टे येतात. अशा दिव्यांखाली शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा.

पाठवणीच्या वेळी सूर्य कलता असतो. दिवसातला सगळ्यात चांगला उजेड तोच, आणि नेमके तेव्हा तुम्ही दमून जेवायला बसलेले असता. जेवण आधी उरका. पाठवणीला आई आणि मुलगी यांचे चेहरे ज्या बाजूने उजेड येतो त्या बाजूने धरा आणि थोडे लांब राहा. तिथे कुणालाही ‘इकडे बघा’ म्हणू नका.

तिसरी तक्रार मला सगळ्यात जास्त जाचते. तुम्ही माणसांना गोरं करता. बटण दाबलं की चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जातात, उन्हानं रापलेला रंग जातो, आणि बांधावर आयुष्य काढलेला बाप खडूच्या भुकटीत बुडवल्यासारखा दिसतो. “गिऱ्हाईकच मागतं,” असं तुम्ही म्हणाल. काही मागतात हे खरं. पण खरा सावळा रंग नीट उजेडात काढून त्यांच्यापुढे ठेवला तर बहुतेक जण तोच निवडतात, फक्त तसा फोटो आधी काढता आला पाहिजे. अडचण कॅमेऱ्याच्या मोजमापात आहे. कॅमेरा समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून उजेड ठरवतो. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि मध्ये सावळा चेहरा असला की कॅमेरा पांढऱ्याला घाबरून सगळंच काळवंडून टाकतो. म्हणून स्पॉट मीटरिंग लावून चेहऱ्यावर मोजा, किंवा अर्धा ते एक स्टॉप उजेड वाढवा. माणसाला उन्हातून काढून ओसरीच्या तोंडाशी, दाराकडे चेहरा करून बसवा. समोरून सरळ फ्लॅश मारू नका. त्याने सावळी कातडी चमकते आणि चेहऱ्याचा घाट जातो. हे जमलं की बटणाची गरजच पडत नाही. सुरकुत्या राहू द्या. त्या माणसानं त्या कमावलेल्या आहेत.

इथेच पहिली विनंती करतो. यापुढे ज्या घरचं लग्न घ्याल त्या घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा एक फोटो, नीट बसवून, काढल्याशिवाय मांडव सोडू नका. पाच मिनिटं लागतात. त्याचे वेगळे पैसे मागू नका. आणि तो कागदावर छापून द्या.

चौथी तक्रार मांडवातल्या वागण्याची. अंतरपाट एकदाच दूर होतो. त्या क्षणी दोनशे पाहुणे अक्षता घेऊन उभे असतात आणि त्यांना दिसतात तुमच्या पाठी. चार जण स्टेजवर, दोन कॅमेरे, एक गिंबल, एक लाइट. गुरुजींना थांबवून “परत एकदा हार घाला” सांगितलं जातं. लग्न आपल्यासाठी लागत नसतं, हे एवढं लक्षात ठेवा. आदल्या दिवशी गुरुजींना आणि घरच्या कर्त्या बाईला भेटून विधींचा क्रम विचारून घ्या, म्हणजे मंगलाष्टका सुरू होण्याच्या आधी तुमची जागा ठरलेली असेल. स्टेजवर एकच माणूस, बाजूला, गुडघ्यावर बसून. दुसरा खाली, लांबच्या लेन्सने. काही सुटलं तर सुटू द्या, पुन्हा करायला लावू नका.

याच संदर्भात मुलींशी बोलायचं आहे. हळदीला, डोहाळजेवणाला, नवरीच्या तयारीच्या खोलीत बायकांना समोर अनोळखी पुरुष नको असतो. तरी आपल्या भागात कॅमेरा घेतलेली मुलगी शोधावी लागते. होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जायचे. पुढे त्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या आणि २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. तुम्हाला इतकी वर्षं थांबायची गरज नाही. काम आहे, मागणी आहे. घरच्यांना काळजी असते ती रात्री परत येण्याची. म्हणून गिऱ्हाईकाशी बोलतानाच सांगा की नेण्या-आणण्याची सोय त्यांनी करायची आणि सोबत एक जण असेल. आणि मुलांनो, सोबतच्या मुलीला नुसती बॅग धरायला लावू नका. कॅमेरा तिच्या हाती द्या.

पाचवी तक्रार यात्रेतली. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते. पालखी आमराईत येते, लाखो हात चुन्याचे खडे वेचतात. तुळजापूरला नवरात्रात रस्ते भरून वाहतात. फोटोग्राफरला यापेक्षा मोठी शाळा नाही. पण या शाळेत तुम्ही काय करता? एखाद्या बाईच्या अंगात येतं, केस सुटलेले, पदराचं भान नाही, आणि चार-पाच जण तिच्या तोंडासमोर कॅमेरा धरतात. संध्याकाळपर्यंत ती बाई हजारो मोबाइलवर तमाशा होऊन फिरते. ती कुणाच्या तरी घरची सून आहे आणि तिला उद्या त्याच गावात राहायचं आहे. अंघोळ करणाऱ्या बायकांवर लेन्स रोखणारेही मी पाहिले आहेत. कायद्याने तो गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी तो नीचपणाच ठरला असता.

यात्रेत काम करायचं तर दोन दिवस आधी जा. आराधी, पोतराज, पालखीचे मानकरी, बांगड्यांचं दुकान लावणारे यांच्याशी बसून बोला, नाव-गाव विचारा. मग गर्दीत तुम्ही परके राहत नाही. परवानगी तोंडाने मागता आली नाही तर नजरेने मागा, आणि समोरच्याने हात आडवा केला की कॅमेरा खाली घ्या. ज्यांचा फोटो काढला त्यांचा नंबर घेऊन त्यांना प्रत पाठवा. पुढच्या वर्षी तीच माणसं तुम्हाला हाक मारतील. सामानाचीही काळजी घ्या. मैलारपूरला खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळतात, तुळजापुरात कुंकू असतं, मिरवणुकीत गुलाल. ही पूड इतकी बारीक असते की लेन्सच्या फिरत्या भागांत शिरली की काढता येत नाही. अशा ठिकाणी लेन्स बदलू नका. कॅमेऱ्याला पारदर्शक पिशवी घालून रबराने लेन्सच्या तोंडाशी बांधा. घरी आल्यावर ओल्या फडक्याने पुसू नका. आधी हवेच्या भात्याने पूड उडवा, मग मऊ ब्रशने झटका.

आता सहावी तक्रार, तेरखेड्याची. आमचं गाव फटाक्यांसाठी ओळखलं जातं, महाराष्ट्राची शिवकाशी म्हणून लिहिलं-बोललं जातं. दिवाळी जवळ आली की बाहेरून आणि आजूबाजूच्या गावांतून कॅमेरेवाले येतात. त्यांना भुकटीनं माखलेले हात हवे असतात, रांगेत वाळत ठेवलेले फटाके हवे असतात, आणि ‘जरा आत जाऊन’ काढायचं असतं. तुम्हा सगळ्यांना हात जोडून सांगतो, आत जाऊ नका. दारू भरण्याच्या खोलीत सोरा, गंधक, ॲल्युमिनियमची भुकटी हवेत तरंगत असते. अशा जागी काडेपेटी, मोबाइल, ठिणगी पडू शकेल अशी कुठलीही वस्तू न्यायला बंदी असते. फ्लॅशमध्ये सुमारे तीनशे व्होल्टचा भार साठवलेला असतो. टेरिकॉटच्या कपड्यांतून अंगावर साठणारी स्थिर वीजसुद्धा तिथे पुरेशी असते. मालकाने हो म्हटलं, मुकादमाने हो म्हटलं, तरी तुम्ही नाही म्हणा. तिथे तुमची एक चूक झाली तर किंमत रोजंदारीवर आलेली माणसं मोजतात.

ज्याला खरोखर या कामावर फोटो करायचे आहेत त्याला बाहेर भरपूर आहे. कामावर निघालेली माणसं, डबे, रस्त्याकडेची फटाक्यांची दुकानं, गिऱ्हाईकांच्या गाड्या, संध्याकाळी हात धुऊन घरी बसलेला मजूर, त्याच्या पोरांची दिवाळी. फोटोग्राफर सुधारक ओलवे हे मूळचे अकोल्याचे. त्यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर वर्षानुवर्षं काम केलं; त्यांच्याबरोबर फिरले, त्यांच्या घरी गेले, म्हणून त्या फोटोंत घाणीच्या आधी माणूस दिसतो. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. संदेश भंडारे यांनी तमाशाचे फड आणि पंढरीची वारी अशीच जवळ राहून टिपली. एका दुपारीत येऊन असलं काम होत नाही.

आणि अपघात झाल्यावर काय करता, तेही बोलू. आमच्याकडे कारखान्यांत स्फोट झालेले आहेत, माणसं गेलेली आहेत. आवाज झाला की काही जण मदतीआधी कॅमेरा काढतात. जळालेल्या देहाचे फोटो ग्रुपवर फिरतात आणि घरच्यांना बातमी तिथून कळते. यापेक्षा मोठा अपराध आपल्या धंद्यात नाही. तिथे पोचलात तर आधी हात लावा, रस्ता मोकळा करा, रुग्णवाहिकेला वाट दाखवा. वर्तमानपत्रासाठी काम करत असाल तर लांबून, इमारतीचा, धावणाऱ्या लोकांचा फोटो पुरतो. मृताचा चेहरा कुणालाही पाठवू नका. पोलिसांनी पंचनाम्यासाठी मागितला तर त्यांना द्या आणि तुमच्याकडची प्रत जपून ठेवा, पसरवू नका. आठ-पंधरा दिवसांनी त्या घरी पुन्हा जा. भरपाईसाठी, कागदपत्रांसाठी घरच्यांना फोटो लागतात आणि तेव्हा कुणीच फिरकत नाही.

फटाक्यांच्या गावातून लिहितो आहे, तर आतषबाजीचा फोटो कसा काढायचा हेही सांगतो, कारण यात्रेत आणि मिरवणुकीत हे काम तुम्हाला मिळतं आणि बहुतेकांचं बिघडतं. फ्लॅश बंद. कॅमेरा तिकाटण्यावर, तिकाटण्याच्या मध्यभागी वजन लटकवलेलं. आयएसओ १००, छिद्र एफ/८ ते एफ/११, शटर बल्बवर. फोकस आधीच लांबच्या दिव्यावर लावून मॅन्युअल करून ठेवा. रॉकेट वर सुटलं की शटर उघडा, फूल पूर्ण उमललं की बंद करा. साधारण दोन ते पाच सेकंद. त्याहून जास्त ठेवलं तर एकावर एक फुलं चढून मधला भाग पांढरा फटक होतो. लाल रंग स्ट्रॉन्शियमच्या क्षारांचा असतो. तो सेन्सरवर लवकर जळतो, म्हणून लाल जास्त असेल तर छिद्र एफ/१३ पर्यंत आवळा. वारा तुमच्या पाठीकडून आतषबाजीकडे वाहत असेल अशी जागा धरा, नाहीतर धूर तुमच्याच तोंडावर येईल. पहिली काही मिनिटं आकाश स्वच्छ असतं. चांगला फोटो तेव्हाच मिळतो, म्हणून तयारी आधी करून ठेवा. नुसतं आकाश धरू नका. देवळाचं शिखर, वर पाहणारी माणसं, घरांची कौलं खाली येऊ द्या, म्हणजे तो फोटो तुमच्या गावाचा होतो. आणि पेटवणाऱ्या माणसाच्या जवळ जाऊ नका. लांबची लेन्स त्यासाठीच असते.

ड्रोनचंही इथेच सांगतो. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनची नोंदणी करावी लागते आणि धंद्यासाठी तो उडवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. आपल्या लग्नांत उडणाऱ्या किती ड्रोनकडे हे आहे, ते तुम्हीच तपासा. आणि फटाक्यांच्या कारखान्यांवरून तर कुठलाही ड्रोन नेऊ नका.

सातवी तक्रार, फोटो हरवण्याची. हार्ड डिस्क पडली, कार्ड चुकून फॉरमॅट झालं, लॅपटॉप बिघडला, असं सांगून लग्नच्या लग्न गायब झाल्याचं दर हंगामात कानावर येतं. त्या घराला ते लग्न पुन्हा लावता येत नाही. नियम असा ठेवा: प्रत्येक कामाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या डिस्कवर आणि एक घराबाहेर, भावाकडे किंवा मित्राकडे. दोन प्रती झाल्याशिवाय कार्ड रिकामं करायचं नाही. कॅमेऱ्यात दोन कार्डांची जागा असेल तर दोन्हींवर एकाच वेळी लिहायला लावा. प्रत्येक फोल्डरला तारीख, गाव आणि घराण्याचं नाव द्या. एप्रिल-मेमध्ये डिस्क आणि बॅटऱ्या उभ्या गाडीत ठेवू नका. आपल्या उन्हात गाडीचा डबा तापला की त्या जातात. आणि गिऱ्हाईकाला नुसता पेन ड्राइव्ह देऊन मोकळे होऊ नका. त्याच्या घरात तो पेन ड्राइव्ह लावायला काही नसतं. अल्बम परवडत नसेल तर पंचवीस फोटो साधे छापून पाकिटात द्या. कागद पेटीत पन्नास वर्षं टिकतो आणि तो बघायला विजेची गरज लागत नाही.

आठवी तक्रार व्यवहाराची, आणि ती दोन्ही बाजूंनी आहे. शेजारच्यापेक्षा पाच हजार कमी, त्याच्यापेक्षा दुसरा तीन हजार कमी, असं करत तुम्ही सगळ्यांनी मिळून भाव इतका पाडला आहे की सोबतच्या पोराला देण्यापुरते पैसे उरत नाहीत. त्याला जेवणावर राबवून घेणं बंद करा. रोजंदारी आधी ठरवा आणि त्याच दिवशी हातात द्या. गिऱ्हाईकाशी एक पानाचा करार करा. त्यात तारीख, किती माणसं येणार, काय देणार, कधी देणार, किती आगाऊ, किती बाकी, आणि फोटो किती महिने सांभाळणार हे लिहा. दोघांच्या सह्या घ्या. नातेवाइकांकडूनही घ्या, नाती त्यामुळेच टिकतात.

फोटो कुणाच्या मालकीचा, हेही माहीत असू द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, कुणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नसेल तर पहिली मालकी त्या गिऱ्हाईकाची असते. म्हणजे नवरीचा फोटो तुमच्या जाहिरातीत, फलकावर किंवा मोबाइलवर टाकायचा तर तिला विचारावं लागेल. करारात त्यासाठी एक ओळ ठेवा आणि ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक खरी ठेवा. स्वतःच्या मनाने काढलेले फोटो, यात्रेचे, रानातले, ते तुमचे. ते कुणी न विचारता छापले तर पैसे आणि नाव मागा. नाव मागण्यात लाज कसली?

नववी गोष्ट तक्रारीपेक्षा विनंती जास्त आहे. चातुर्मासात हात रिकामे असतात, तेव्हा कॅमेरा कपाटात ठेवू नका. एक विषय धरा आणि तो वर्षभर सोडू नका. भूम-वाशी भागातल्या खव्याच्या भट्ट्या आहेत. दसऱ्यानंतर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून ऊसतोडीला जाणारी घरं आहेत आणि मागे राहिलेली म्हातारी माणसं आहेत. तेर हे संत गोरोबाकाकांचं गाव आहे, परंड्याचा आणि नळदुर्गचा किल्ला आहे, येडशीचा रामलिंग आहे. हे सगळं बदलतं आहे आणि याचं नीट चित्र ठेवणारं कुणी नाही. प्रत्येक फोटोमागे चार गोष्टी लिहून ठेवा: कोण, कुठे, कधी, काय करतंय. नाव-गाव नसलेला फोटो तीस वर्षांनी कुणालाच ओळखू येत नाही. आठवड्याला दहा फोटो निवडा, बाकीचे बाजूला ठेवा, आणि ते दहा अशा माणसाला दाखवा जो तुमची तारीफ करणार नाही. शिकण्याचा याहून चांगला रस्ता मला माहीत नाही.

जुन्या स्टुडिओवाल्यांनाही दोन शब्द सांगायचे आहेत, कारण दोष एकट्या नव्या पोरांचा नाही. आपण त्यांना शिकवलं नाही. आपल्या हातचं जाईल म्हणून उजेडाच्या साध्या गोष्टी झाकून ठेवल्या. दर हंगामाच्या आधी एक रविवार सगळ्या तालुक्यांतल्या नव्या मुला-मुलींना बोलवा, त्यांचे फोटो बघा, चुका सांगा, कराराचा नमुना द्या, भावाची खालची मर्यादा सगळ्यांनी मिळून ठरवा. तेरखेड्यात जागा द्यायची जबाबदारी मी घेतो.

तर मित्रांनो आणि मैत्रिणींनो, माझ्या मागण्या एवढ्याच. कर्ज कमी काढा. माणसाचा रंग बदलू नका. विचारल्याशिवाय कुणाचं दुःख टिपू नका. कारखान्यात पाऊल टाकू नका. तीन प्रती ठेवा. सोबतच्याला त्याची मजुरी द्या. पहिलं लग्न घ्यायच्या आधी स्वतःच्या घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाचा फोटो काढा, छापा, आणि ते माणूस जिवंत असताना त्याच्या हातात द्या. यातलं काही चुकीचं वाटलं तर स्टुडिओत येऊन तोंडावर सांगा, मी ऐकून घेईन. पण पटलं असेल तर या लग्नसराईपासूनच सुरुवात करा.

तुमचा शुभचिंतक,
याच धंद्यातला एक फोटोग्राफर
तेरखेडा, ता. वाशी, जि. धाराशिव